कर शून्य, म्हणून रिटर्नही नाही?

“आपल्याला टॅक्स बसतच नाही, मग रिटर्न कशाला?” कर्जत-खोपोलीतली आपली मुलं हे अभिमानाने सांगतात. मी म्हणतो, हे शहाणपण नव्हे, नुकसान आहे.

महिना २५,००० रुपयांवर ‘कन्सल्टंट’ म्हणून राबणाऱ्याचा १० टक्के टीडीएस कापतात. वर्षाला ३०,००० रुपये. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. दुसरी कमाई नसेल तर सगळी रक्कम त्याचीच. पण रिटर्न भरल्याशिवाय ती परत मिळत नाही.

पोर्टल अवघड, ही सबब सॉफ्टवेअरवाला म्हणून मी मानत नाही. मोबाइलवर लोकलचा पास काढता येतो, तर हेही येईल. फुकट आहे. मुदतीच्या आत भरा, ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. हक्काचे पैसे मागायला लाज कसली?