सांध्यात सुई कधी घेतली, ते ऑपरेशनआधी सांगा

रोवणी सुरू झाली की आपल्या वस्तीतल्या बायांचे गुडघे धरतात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरीच्या धानपट्ट्यात दिवसदिवस चिखलात वाकून राहायचे, तर दुसरे काय होणार? मग कुणी सुचवते, गुडघ्यात एक सुई घे. आराम पडतोही. ती सुई बहुतेक वेळा स्टिरॉइडची असते.

ती विषारी आहे असे आमचे म्हणणे नाही. प्रश्न वेळेचा आहे. स्टिरॉइड सूज उतरवते, पण शरीराची जंतूंशी लढण्याची ताकदही दाबून ठेवते. अशा सांध्यात लगेच कृत्रिम सांधा बसवला, तर शिरलेले जंतू धातूवर चिकट थर करून बसतात. तिथे औषध नीट पोचत नाही. मग बसवलेला सांधा काढा, कित्येक आठवडे इंजेक्शने घ्या, पुन्हा ऑपरेशन करा. मजुरीवरचे घर यात बुडते. म्हणून शेवटच्या सुईनंतर निदान 3 महिने थांबावे, असे तज्ज्ञ सांगतात. काही डॉक्टर दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या शेवटी दुखू नये म्हणून सांध्यातच स्टिरॉइड सोडतात. अमेरिकेत विम्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अशा रुग्णांत संसर्ग जास्त आढळला. (उलटी होऊ नये म्हणून भुलीच्या वेळी शिरेतून एक डोस देतात, तो वेगळा, त्याला घाबरू नये.)

सिकलसेलच्या रुग्णांनी तर जास्तच जपावे. आपल्या समाजात आणि गोंड, माडिया बांधवांत हा आजार पुष्कळ आहे. रक्तपुरवठा तुटून खुब्याचे हाड मरते आणि तरुणपणीच खुबा बदलण्याची पाळी येते. त्यांना संसर्गाचा धोका मुळातच अधिक, आणि स्टिरॉइडने दुखण्याचा झटकाही उठू शकतो. शुगरवाल्यांची साखर सुईनंतर काही दिवस चढते.

आता ऑपरेशन करणारा डॉक्टर नागपूरचा किंवा सेवाग्रामचा. गावात दिलेल्या सुईची खबर त्याला कशी लागणार? बाईही “दुखण्याचं इंजेक्शन” एवढेच सांगते, कारण तिला नाव कुणी सांगितलेलेच नसते. याचा दोष आम्ही तिच्यावर टाकणार नाही. सुई देणाऱ्याने औषधाचे नाव आणि तारीख कागदावर लिहून दिलीच पाहिजे. तो टाळत असेल तर औषधाचा रिकामा खोका मागून घ्या आणि रेशनकार्डासोबत जपून ठेवा.

ऑपरेशननंतर सांधा गरम झाला, टाक्यांतून पाणी किंवा पू आला, ताप चढला, तर गावात सुई टोचून घेऊ नका. ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात त्याच दिवशी जा.