कुरणातील अळंबी आणि ठशाची परीक्षा

पावसाळ्यात कुरणांतून पांढरी अळंबी उगवते व तिची भाजी आवडीने खाल्ली जाते. शिजताना चांदीचे नाणे काळे पडले नाही किंवा अळंबीस किडे लागले आहेत, म्हणजे ती निर्धोक, ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. ग्रामसेवकांनी ती प्रथम दूर करावी.

कुरणातील खाद्य अळंबी व हिरव्या बीजाणूंची विषारी अळंबी वरून पाहता सारख्या भासतात. खरा भेद छत्रीच्या खालच्या पात्यांत आहे. पहिलीची पाती आरंभी गुलाबी व पुढे गर्द तपकिरी होतात. दुसरीची आरंभी पांढरी असून पक्व झाल्यावर हिरवट होतात. ती खाल्ल्यास साधारण १ ते ३ तासांत तीव्र उलट्या व जुलाब सुरू होतात.

उमललेली छत्री देठ काढून, पाती खाली करून, कागदावर रात्रभर झाकून ठेवावी. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा असावा. सकाळी हिरवट ठसा उमटल्यास ती अळंबी टाकून द्यावी. परंतु ठसा तपकिरी किंवा पांढरा आला म्हणून ती खाण्यास योग्य ठरत नाही. तपकिरी ठशाच्या काही जाती विषारी आहेत. यकृताचा नाश करणाऱ्या प्राणघातक अळंबीचा ठसा तर पांढराच असतो, व तिचे विष शिजवूनही जात नाही.

म्हणून ही परीक्षा अळंबी नाकारण्यासाठी शिकवावी, खाण्याची परवानगी देण्यासाठी नव्हे. जातीची पक्की ओळख नसेल, तर रानातील अळंबी रानातच राहू द्यावी. भाजीसाठी घरी लावलेली धिंगरी अळंबी अधिक हिताची होय.