सेवा म्हणजे दाखला नव्हे

वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आपल्यापैकी बहुतेकांनी 'सीएमसी' या नावाने ऐकलेले असते. घरात एखादा अवघड आजार निघाला, डॉक्टरांची मते जुळेनाशी झाली, की कोणीतरी सुचवतेच, "एकदा वेल्लोरला दाखवून या." पण या रुग्णालयाची सुरुवात तीन बायकांच्या मृत्यूतून झाली आणि त्यांतली एक मुस्लिम घरातली होती, हे फारसे कोणाला माहीत नसते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची गोष्ट. आयडा स्कडर ही अमेरिकन मिशनरी डॉक्टरांच्या घराण्यातली मुलगी. जन्म 1870 चा, तमिळ मुलखातलाच. आजोबा 1819 मध्ये डॉक्टर म्हणून सिलोनला आलेले, वडीलही डॉक्टर. आयडाला मात्र हे आयुष्य नको होते. आई आजारी म्हणून ती काही दिवसांसाठी तिंडीवनमला आली होती आणि लवकरच अमेरिकेला परतणार होती.

एका रात्री तिच्या दारात एकामागून एक तीन पुरुष आले. पहिला ब्राह्मण, दुसरा मुसलमान, तिसरा पुन्हा हिंदूच. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या. आयडाने सांगितले, डॉक्टर मी नाही, माझे वडील आहेत, त्यांना घेऊन जा. तिघांनीही नकार दिला. परका पुरुष आपल्या बायकोला पाहू शकत नाही, असे तिघांचेही म्हणणे होते. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या.

आयडा अमेरिकेला गेली ती डॉक्टर व्हायला. 1899 मध्ये कॉर्नेलमधून पदवी घेतली आणि 1900 मध्ये परत येऊन वेल्लोरला एका खाटेचा दवाखाना सुरू केला. 1902 मध्ये 40 खाटांचे रुग्णालय उभे राहिले. 1909 मध्ये नर्सिंगचे प्रशिक्षण सुरू झाले, 1918 मध्ये मुलींसाठी वैद्यकीय शाळा. तिथल्या पहिल्या तुकडीच्या मुलींनी मद्रास प्रांताच्या परीक्षेत मुलांना मागे टाकले. 1947 मध्ये मुलांनाही प्रवेश मिळू लागला. आज सीएमसी देशातल्या सर्वांत नावाजलेल्या रुग्णालयांत गणले जाते.

त्या रात्रीनंतर आयडा पडद्यावर टीका करणारी व्याख्याने देत फिरू शकली असती. रूढीला शिव्या देणे सोपे होते आणि अमेरिकेत त्याला टाळ्याही मिळाल्या असत्या. तिने बायकांना तपासू शकतील अशा बायका तयार केल्या. आपल्यासाठी यातला बोचणारा भाग वेगळाच आहे. पुरुष डॉक्टर चालत नाही, ही ज्यांची अट होती त्यांनीच खरे तर सगळ्यांत आधी आपल्या मुलींना डॉक्टर करायला हवे होते. आजही काही घरांत "लेडी डॉक्टरच हवी" हा आग्रह असतो आणि त्याच घरातल्या मुलीची शाळा दहावीनंतर सुटते. हा हिशोब जुळत नाही, हे आपण उघडपणे बोलले पाहिजे.

आता नेहमीचा आक्षेप. "हे सगळे धर्मांतरासाठीच केले." मिशनऱ्यांना आपल्या धर्माचा प्रसारही करायचा होता, हे लपवण्यासारखे नाही. त्यांनीही ते कधी लपवले नाही. त्यावर वाद घालता येतो आणि घालावाही. उपचाराच्या बदल्यात कोणाच्या श्रद्धेचा सौदा होत असेल, तर ते चूकच. पण शंभराहून अधिक वर्षे सगळ्या धर्मांचे लोक ज्या दारात रांग लावतात आणि आपापल्या धर्मासह घरी परततात, त्या कामाला 'आमिष' या एका शब्दात गुंडाळता येत नाही.

शिवाय हा संशय आपल्याही ओळखीचा आहे. कोविडच्या काळात महाराष्ट्रातल्या अनेक गावांत मुस्लिम तरुणांनी, ज्यांना हात लावायला घरचेही धजत नव्हते अशा मृतदेहांवर त्यांच्या त्यांच्या धर्माप्रमाणे अंत्यसंस्कार केले. तेव्हाही "फोटोसाठी करतात", "प्रतिमा सुधारायला करतात" असे म्हणणारे होतेच. अल्पसंख्याकाच्या सेवेकडे लोक आधी हेतू शोधतात, काम नंतर पाहतात.

माझ्या मते या संशयाला आपण दिलेले उत्तरच आपल्याला मागे ओढते. आपण सेवेचा दाखला करून टाकतो. बघा, आम्हीही चांगले आहोत, आम्हीही देशावर प्रेम करतो. दाखला म्हटला की तो दाखवावा लागतो. मग बॅनर येतो, फोटो येतो, रेशनच्या किटसोबत मान खाली घातलेली विधवा फ्रेममध्ये येते. ज्याला आपले म्हणणे पटायचे नसते त्याला फोटो पाहूनही पटत नाही, आणि त्या बाईची लाज मात्र मोबाइलमोबाइलवर फिरत राहते. आपल्याकडे तर सगळ्या अमलाची सुरुवात नियतीपासून, हे लहानपणीच शिकवतात. मग लोकांच्या नजरेसाठी केलेल्या कामाचे काय, याचे उत्तर आपल्यालाच माहीत आहे.

सेवा श्रद्धेतून आली की तिला घाई नसते. सीएमसीमध्ये पॉल ब्रँड नावाचे शल्यविशारद होते. तेही मिशनरी आईवडिलांचे, तमिळ मुलखातल्या डोंगरात जन्मलेले. कुष्ठरोग्याची बोटे आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी बारकाईने पाहून दाखवले की नसा बधिर झाल्याने रुग्णाला वेदना कळत नाही. त्यामुळे भाजते, कापते, जखम चिघळते आणि बोट जाते. 1948 च्या सुमारास त्यांनी वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करून ते पुन्हा कामाला लावायला सुरुवात केली.

तिथेच डॉ. मेरी वर्गीस होत्या. 1954 मध्ये एका अपघातात त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे अपंगांच्या पुनर्वसनाचे केंद्र उभारले. हे सगळे वर्षानुवर्षे चालणारे, कंटाळवाणे, एका फोटोत न मावणारे काम आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे नवे अॅप सुरू झाले की केक कापला जातो. ते अॅप रात्री तीन वाजता बंद पडू नये म्हणून जागणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. पण सिस्टम चालते ती त्याच्यामुळे. आपल्या समाजाकडे लाँच करणारे हात पुष्कळ आहेत, देखभाल करणारे कमी. रमजानमध्ये किट वाटले जातात, पूर आला की ट्रक निघतात. ते हवेच. पण शव्वालमध्ये त्या घरात काय शिजते, याची नोंद कोणाकडे असते?

"पगारावर, भाड्यावर पैसा कशाला? सगळा गरिबालाच द्या," असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. पण जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये ती गोळा करणारे आणि वाटणारे कर्मचारीही आहेत. म्हणजे व्यवस्था चालवायला खर्च येतो, हे आपल्या दीनने मान्य केलेले आहे. वक्फ ही कल्पनासुद्धा देणारा गेल्यावरही काम चालत राहावे यासाठीच आहे. आपल्या जवळचेच उदाहरण हवे असेल, तर विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेत उभारलेले मिशन हॉस्पिटल पाहा. त्यांनी रुग्ण तपासले आणि इथल्याच तरुणांना वैद्यकीय शिक्षणही दिले. मिरज पुढे उपचारांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले, त्याचा पाया तिथे आहे.

रुग्णालय आपल्यापैकी कोणी उद्या बांधणार नाही. पण पाच-सहा मित्र मिळून एका मोहल्ल्यातली एक गरज पाच वर्षांसाठी उचलू शकतात. दरवर्षी दोन मुलींची नर्सिंगची फी भरता येईल. डायलिसिसच्या रुग्णांना आठवड्यातून दोनदा नेण्या-आणण्याची सोय करता येईल, रुग्ण कोणत्याही धर्माचा असो. सरकारी योजनांचे फॉर्म भरून देणारे टेबल दर रविवारी न चुकता लावता येईल. हिशोबाची वही ठेवायची, ती कोणालाही पाहू द्यायची. काम करणाऱ्याला जमेल तेवढे मानधन द्यायचे. मदत घेणाऱ्याचा फोटो मात्र काढायचा नाही.

पहिल्या वर्षी कोणी विचारणार नाही, दुसऱ्या वर्षी कंटाळा येईल, तिसऱ्या वर्षी दोन मित्र गळतील. तेव्हा उरलेल्यांनी त्या रविवारी टेबल लावले की नाही, यावरच बाकी सगळे ठरेल.