कोर्टवर आपल्या बहिणीही हव्यात

सातारा-सांगलीच्या कॉलेजांत लवकरच बास्केटबॉलचा हंगाम सुरू होईल. शिवाजी विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धा, मग आंतरविभागीय, पुढे निवडलेला संघ पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेला. कोण जिंकेल यावर टपरीवर तासन्‌तास वाद रंगतील. मला यंदा वेगळंच पाहायचंय: मुलींच्या संघांत आपल्या किती बहिणी दिसतात?

"हिजाब घालून खेळू देत नाहीत" हे कारण आता जुनं झालं. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेतून कतारच्या मुलींनी याच नियमामुळे माघार घेतली होती. पण २०१७ मध्ये जागतिक महासंघ 'फिबा'ने नियम बदलला. चेहरा उघडा हवा, टाचण्या नकोत, अशा काही अटी आहेत. कुणी अडवलं तर हा नियम दाखवा.

मग अडतं कुठे? संध्याकाळच्या सरावाला, बाहेरगावच्या सामन्याला आणि "लोक काय म्हणतील" या भीतीला. हे नियम फिबाचे नाहीत, आपल्या घरचे आहेत.

मुलींनो, निवड चाचणीला नाव द्या. भावांनो, सरावानंतर बहिणीला घ्यायला जा आणि अम्मी-अब्बूंना तिचा एक तरी सामना दाखवा. घरच्यांनी तिला खेळताना पाहिलं, की पुढच्या वर्षी परवानगी मागायची वेळ बहुतेक येणार नाही.