आपला हात, आपली काठी



गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी शेजारच्या ताई आमच्या दारात उभ्या राहिल्या. मागे त्यांचा मुलगा. वय बावीस, गोल्फच्या मैदानावर कॅडी. ताईंच्या हातात रुमालात बांधलेले साडेचार हजार रुपये होते. नुकतीच लागलेली भिशी.

"भाऊ, तुम्ही हिशेबाचं माणूस. ह्याला म्हणे एक काठी घ्यायचीय. एका काठीला एवढे पैसे असतात का हो?"

आम्ही बी.कॉम. केले, जन्मभर कारकुनी केली. गोल्फ पाहिले ते बसच्या खिडकीतून. पण प्रश्न घामाच्या पैशाचा होता आणि पोराच्या उमेदीचाही. पुढे कॅडींची स्पर्धा होती. तिच्यात वर आला तर सरावासाठी मैदान मोकळे मिळणार होते. त्याला हवी होती एका साहेबांनी विकायला काढलेली ६० अंशांची वेज. "काका, टीव्हीवरचे मोठमोठे खेळाडू हीच ठेवतात," तो म्हणाला.

हिशेब कळल्याशिवाय सही करायची नाही, ही आमची सवय. आम्ही त्याला घेऊन गल्लीतल्या एका जुन्या कॅडीकडे गेलो. तीस वर्षे त्यांनी लोकांच्या बॅगा वाहिल्या. त्या दिवशी त्यांच्या ओट्यावर जे शिकलो, ते येथे मांडतो. आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले या मैदानांवर राबतात, त्यांच्या उपयोगी पडेल.

गोल्फच्या नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात. त्यातली वेज ही जवळच्या फटक्यांची काठी. चेंडू उंच उचलायचा आणि भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर अलगद बसवायचा, हे तिचे काम. तिचे तोंड मागे जितके कललेले, तितका चेंडू उंच जातो आणि कमी अंतरावर पडतो. या कलाला लॉफ्ट म्हणतात. पिचिंग वेज साधारण ४४ ते ४८ अंशांची, गॅप वेज ५० ते ५२, सँड वेज ५४ ते ५८ आणि लॉब वेज त्याहून वर, ६० च्या आसपास.

जुन्या कॅडींनी मुलाला पहिला प्रश्न केला, "तुझ्याजवळ काय आहे?" पिचिंग वेज ४५ अंशांची आणि सँड वेज ५६ ची. आम्ही लगेच वहीत दोन रकाने पाडले. पहिलीने चेंडू जातो १२० यार्ड, दुसरीने ८५. मधले ३५ यार्ड कोरे! तेथून मारायचे झाले की पोरगा एकतर जोर आवरतो, नाहीतर जास्त लावतो, आणि दोन्हीकडे फसतो. दोन वेजमध्ये चार ते सहा अंशांचे अंतर असावे, असे जाणकार सांगतात. येथे होते अकरा. म्हणजे भोक ५० च्या ठिकाणी होते आणि हा ठिगळ लावायला निघाला होता ६० ला. हल्ली कंपन्या पिचिंग वेजचा लॉफ्ट पूर्वीपेक्षा कमी ठेवतात, त्यामुळे ही खाच अनेकांच्या बॅगेत असते.

दुसरी गोष्ट बाउन्सची. काठी जमिनीवर टेकवली की तळाचा मागचा भाग पुढच्या धारेपेक्षा किती खाली राहतो, त्याचे अंश म्हणजे बाउन्स. भाकरीखाली उलथणे घालताना धार खाली दाबली तर ते तव्याला घासते, थोडे आडवे धरले तर सरकते. तसेच हे. सहा अंशांपर्यंतचा बाउन्स कमी, दहाच्या वरचा जास्त. कमी बाउन्सची काठी कडक जमिनीवर आणि हलक्या, पसरट फटक्याला चालते. ज्याचा फटका वरून खोल उतरतो त्याला, तसेच मऊ माती व भुसभुशीत वाळूला, जास्त बाउन्स लागतो. नाहीतर काठी जमिनीतच रुतते. आपल्या मुंबईत एकच मैदान मे महिन्यात फरशीसारखे आणि जुलैत लोण्यासारखे होते, हेही ध्यानात घ्यावे.

मग त्यांनी विचारले, "तुझ्या फटक्याला माती किती निघते?" मुलगा गप्प. आपल्या साहेबांचा फटका कसा, चेंडू कुठे वळतो, हे त्याला तोंडपाठ. पण स्वतःच्या फटक्यामागचा खड्डा त्याने कधी वाकून पाहिला नव्हता. आम्हाला ही गोष्ट फार लागली. सोमवारी कॅडींना खेळायला मिळते, तेव्हा त्याने तो पाहिला. हातभर लांब आणि खोल. साहेबांच्या वेजवर बाउन्सचा आकडा होता ४! ती काठी वाईट नव्हती. ती त्याच्या हाताची नव्हती.

येथे जीन साराझेन यांची आठवण होते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या इटालियन सुताराचा हा मुलगा, लहानपणी स्वतः कॅडी. त्या काळी वाळूत पातळ धारेच्या काठ्या रुतत. विमान चालवायला शिकताना शेपूट खाली झाले की नाक वर जाते, हे पाहून त्यांना युक्ती सुचली, असे ते सांगत. त्यांनी काठीच्या तळाला मागून शिसे चढवले आणि १९३२ साली ब्रिटिश ओपन जिंकली. आजची सँड वेज त्यातूनच रुळली. आपल्याकडे दिल्लीचे अली शेर कॅडीचे काम करत पुढे आले आणि १९९१ व १९९३ साली इंडियन ओपन जिंकले.

जुनी वेज घेताना तोंडावरच्या खाचांतून नख फिरवून पाहावे. धार बोथट झाली असेल तर चेंडूला फिरकी कमी मिळते. नुसत्या गंजाने बिघडत नाही. दांड्याची लांबी व वजन आपल्या बाकीच्या काठ्यांशी जुळते का, मूठ हातात बसते का, हेही बघावे. काहींना तोंड उघडे करून मारायला आवडते, त्यांनी टाचेकडचा तळ घासलेली घ्यावी. आणि मैदानावर दहा-वीस चेंडू मारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आमच्या मुलाने दोन आठवडे शोधून ५० अंशांची, १२ बाउन्सची जुनी वेज घेतली. सव्वीसशेला. उरलेले एकोणीसशे ताईंनी पुन्हा रुमालात बांधले. स्पर्धा अजून व्हायची आहे. निकाल काय लागेल तो लागो. परवा संध्याकाळी तो गल्लीत सांगत होता, "आधी आपला खड्डा बघा रे." ऐकणारी चार लहान कॅडी पोरे होती.