जोडी जमली पाहिजे!

"आय-सेव्हन आहे ना?"

पहिला कम्प्युटर घेताना मी दुकानात एवढा एकच प्रश्न विचारला होता. "आहे की ताई," दुकानातले दादा म्हणाले आणि बाबांनी कापसाच्या पट्टीतले ३२ हजार काउंटरवर मोजून ठेवले. घरी आल्यावर मोठ्या हौसेनं जीटीए फाइव्ह लावला. गाडी चौकात वळायच्या आत पडदा तीनदा अडकला!

नंतर कळलं, प्रोसेसर खरंच आय-सेव्हन होता, पण २०१२ सालचा, ३७७० नावाचा, तिसऱ्या पिढीचा. सोबत दोन जीबीचं जीटी ७३० कार्ड. म्हणजे दुकानदार खोटं बोलले नव्हते, माझा प्रश्नच अर्धवट होता. २०२२ मध्ये आलेला आय-थ्री १२१०० त्या आय-सेव्हनला गेममध्ये आरामात मागे टाकतो. कोअर दोघांनाही चारच. फरक पिढीचा.

तर मंडळी, दिवाळी झाली, कापूस घरात येतोय आणि परभणीपासून पाथरी-गंगाखेडपर्यंत बऱ्याच घरांत "मला गेमिंग पीसी पाहिजे" हा हट्ट सुरू झालाय. हट्ट करा, पण आधी जोडीचं गणित समजून घ्या.

बैलजोडीत एक खोंड तगडा आणि दुसरा थकलेला असेल तर गाडी कुणाच्या चालीनं चालते? थकलेल्याच्याच ना! इथंही तसंच आहे. गेममध्ये शत्रू कुठं आहे, गोळी कुठं लागली, गाडी कशी उलटली, हा सगळा हिशोब प्रोसेसर करतो. त्या हिशोबावरून पडद्यावरचं चित्र रंगवतं ते ग्राफिक्स कार्ड. हिशोब उशिरा आला तर कार्ड हातावर हात ठेवून बसतं. कार्ड कमजोर असेल तर प्रोसेसर वाट बघत बसतो. दोन्हीकडं पैसे मात्र तुमचेच वाया जातात.

मग सुरुवात कुठून करायची? पडद्यापासून. फुल एचडी मॉनिटरवर प्रत्येक चित्रात सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, फोर-केमध्ये ८३ लाख. ठिपके वाढले की ओझं कार्डावर पडतं. उलट सेकंदाला जास्त चित्रं हवी असतील तर घाई प्रोसेसरची होते. ६० चित्रांसाठी त्याला प्रत्येकी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ साठी सातसुद्धा नाहीत. म्हणून व्हॅलोरंट खेळणाऱ्यानं प्रोसेसरकडं जास्त लक्ष द्यावं आणि सायबरपंक २०७७ चं स्वप्न बघणाऱ्यानं कार्डाकडं. आणि घरातला मॉनिटर ६० हर्ट्‌झचा असेल तर दोनशे चित्रं काढणारं मशीन घेऊनही तुम्हाला दिसणार साठच!

फुल एचडीवर खेळणाऱ्यांसाठी रायझन ५ ५६०० सोबत आरएक्स ६६००, किंवा आय-फाइव्ह १२४०० सोबत आरटीएक्स ४०६०, या जमलेल्या जोड्या आहेत. दोन्ही प्रोसेसर सहा कोअरचे, दोन्ही कार्ड आठ जीबीची. याच पैशात आय-नाइनचं स्टिकर आणि सोबत चार जीबीचं कार्ड कुणी देत असेल, तर नम्रपणे नमस्कार करून बाहेर पडा. रॅमसुद्धा १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्या. प्रोसेसरला दोन्ही वाटांनी माल मिळतो.

आता आपल्या परभणीच्या गोष्टी, ज्या मुंबई-पुण्याचे व्हिडिओ सांगत नाहीत.

पहिली गोष्ट ऊन. मे महिन्यात बाहेर ४२-४४ अंश असताना खोलीतलं मशीन तापतंच. तापलं की प्रोसेसर आणि कार्ड दोघंही स्वतःचा वेग कमी करतात. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, जुन्या ३०६० ला १७०. ही जास्तीची वीज शेवटी उष्णता होऊन तुमच्याच खोलीत फिरते. त्यामुळं हवा खेळती राहील असं कॅबिनेट घ्या आणि त्यातली धूळ महिन्याला झटका.

दुसरी गोष्ट लाईट. लाईट जाते, येते, येताना व्होल्टेज उड्या मारतं. आरजीबी लाइटवर घालवायचे पैसे चांगल्या कंपनीच्या एसएमपीएसवर आणि यूपीएसवर घाला.

तिसरी गोष्ट वॉरंटी. कार्ड बिघडलं की ते बाहेरगावी जातं आणि परत येईपर्यंत असाइनमेंटची तारीख थांबत नाही. इंटेलच्या मॉडेलपुढं 'एफ' असेल तर त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, कार्ड गेलं की पडदा काळा. रायझन ५ ५६०० चंही तेच. म्हणून बजेटमध्ये बसत असेल तर १२४००एफ ऐवजी साधा १२४०० घ्या. गेम बंद पडेल, अभ्यास नाही.

नवीन घ्यायच्या आधी घरातल्या मशीनची फुकटातली परीक्षाही करा. गेम सुरू ठेवून कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा. कार्ड ९५ टक्क्यांच्या पुढं असेल तर अडतंय ते कार्डामुळं. गेम अडखळतोय आणि कार्ड पन्नास-साठवर रेंगाळतंय, तर संशय प्रोसेसरवर घ्या, मग त्याचा एकूण आकडा चाळीस टक्के का दिसेना! एकच कोअर पूर्ण दमलेला असू शकतो. खात्री करायची तर रिझोल्यूशन कमी करा. चित्रं वाढली नाहीत तर नवं कार्ड घेऊन उपयोग नाही.

सेकंडहँड ऑफिस कम्प्युटरला कार्ड लावणाऱ्यांनो, मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅटच देतो. वेगळी वायर न लागणारं जीटीएक्स १६५० सारखं कार्ड बघा आणि ते कॅबिनेटमध्ये बसतंय का, तेही मोजून घ्या.

गेमिंग पीसी म्हणजे नुसता टाइमपास नाही. याच जोडीवर व्हिडिओ एडिटिंग होतं, ब्लेंडरमध्ये थ्रीडी शिकता येतं. 'राजी' हा गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवला, तोही अशाच मशीनवर बसणाऱ्या पोरापोरींनी. पण घरच्यांना हे पटवायचं असेल तर आपली मागणी तरी नेमकी हवी.

म्हणून दुकानात "आय-सेव्हन आहे ना?" विचारू नका. प्रोसेसर, कार्ड आणि एसएमपीएस या तिन्हींचे पूर्ण मॉडेल नंबर लिहिलेलं कोटेशन मागा, घरी येऊन तपासा, मग पैसे द्या. आणि बिलावर तेच नंबर आहेत का, तेही बघा. दुकानदारांनीही हे न मागता द्यायला हवं.

त्या दिवशी बाबांनी नोटा दोनदा मोजल्या होत्या. मी मॉडेल नंबर एकदाही वाचला नव्हता.