केमिस्ट्रीच्या भीतीने शाखा बदलू नका

दहावीचा निकाल लागला की वस्तीतल्या आया आमच्याकडे विचारायला येतात, "सिस्टर, पोरीला नर्स करायचंय. कुठली साइड घ्यावी?" आम्ही सायन्स म्हटलं की चेहरे उतरतात. "केमिस्ट्री अवघड असतं म्हणं. आर्ट्समधनंबी नर्स होता येतं की!"

येतं. बारावी कुठल्याही शाखेची असली तरी नर्सिंगचा डिप्लोमा करता येतो. आम्हीही डिप्लोमाच केला आणि त्यावरच घर चालवलं. पण बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी असावंच लागतं. म्हणजे अकरावीच्या फॉर्मवर आर्ट्स लिहिलं की ते दार तिथंच बंद होतं. कारण काय, तर एका विषयाची भीती. आमचं म्हणणं एवढंच आहे, की ही भीती खोटी आहे आणि ती आपल्याला महागात पडते.

तासगावच्या एका वस्तीतली मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. त्या वर्षात बायोकेमिस्ट्री, म्हणजे शरीरातल्या घडामोडींचं रसायनशास्त्र शिकावं लागतं. दिवाळीला घरी आली तेव्हा पुस्तक आमच्यापुढे टाकून म्हणाली, "मावशी, ही एन्झाइमची नावं काही डोक्यात राहत नाहीत. मी नापास होणार." तिची आई द्राक्षबागेत रोजंदारीवर जाते, मामाही जातो. आम्ही तिला विचारलं, "मामाला मागच्या आठवड्यात काय झालं होतं?"

ऑक्टोबर छाटणीचे दिवस होते. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला औषध लावतात. त्याचं शास्त्रीय नाव हायड्रोजन सायनामाइड. मामाने दिवसभर ते लावलं आणि संध्याकाळी थोडी दारू घेतली. थोड्याच वेळात तोंड लालभडक झालं, छाती धडधडायला लागली, डोकं फुटायची वेळ आली. कुणी म्हणालं दारू खराब होती, कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी लागलं.

उत्तर तिच्याच पुस्तकात होतं. दारू पोटात गेली की यकृतात तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं. हा विषारी पदार्थ. मग एक एन्झाइम त्याचं निरुपद्रवी ॲसिटिक आम्लासारख्या पदार्थात रूपांतर करतं. बागेतलं ते औषध नेमकं हे एन्झाइम अडवतं. विष साठतं आणि माणूस लाल होतो, गुदमरतो. दारू सोडवायला डायसल्फिरामची गोळी देतात, तीही असंच करते. म्हणून हे औषध हाताळण्याआधी आणि नंतरचे काही दिवस दारूचा थेंबही चालत नाही. न पिणाऱ्यानेही सावध राहावं, कारण ते कातडी आणि डोळे भाजतं. रबरी हातमोजे मागून घ्यावेत.

मुलगी पुस्तकाकडे बघत राहिली. त्या एन्झाइमचं नाव ती आता विसरणार नाही.

दुसरं उदाहरण फवारणीचं. काही कीटकनाशकं ऑरगॅनोफॉस्फेट गटातली असतात. आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचा पदार्थ निरोप पोचवतो. काम झालं की कोलिनेस्टरेज हे एन्झाइम त्याला मोडून टाकतं. विष या एन्झाइमलाच बांधून टाकतं. मग निरोप थांबतच नाही. लाळ गळते, घाम सुटतो, डोळ्यांतून पाणी येतं, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, छातीत पाणी भरल्यासारखा घरघर आवाज येतो. हे विष कातडीतूनही आत जातं. म्हणून कपडे लगेच उतरवा, साबणाने अंग धुवा आणि दवाखान्यात जाताना बाटली किंवा तिच्यावरचं लेबल सोबत न्या.

अशा पेशंटला ॲट्रोपिन देतात. नोकरीच्या पहिल्या वर्षांत आम्ही ते सांगितलं तसं देत होतो. पुन्हा पुन्हा का द्यायचं, कधी पुरे झालं, हे आम्हाला कळत नव्हतं, कारण आमच्याकडून रसायनशास्त्र नुसतं घोकून घेतलं होतं. पुढे समजलं, की छाती मोकळी झाली का, नाडी किती झाली, हे बघत डोस ठरतो. रात्री तीन वाजता पेशंटच्या उशाशी नर्सच असते. तिला कारण माहीत असेल तर घरघर परत सुरू झाली की ती लगेच डॉक्टरांना उठवते. माहीत नसेल तर सकाळच्या राउंडची वाट बघत बसते.

म्हणूनच "नर्सला एवढं कशाला पाहिजे? डॉक्टर सांगतील ते करायचं," हे आम्हाला मान्य नाही. सांगितलेलं काम मुकाट्याने करणं हे आपल्या माणसांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आलं. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, तेव्हा कलाशाखेबरोबर विज्ञानही ठेवलं. 'का' विचारायला शिकवणारी शाखा आपण आपल्या हाताने सोडायची का?

शिकवणाऱ्यांनाही आमची विनंती आहे. तासगावच्या परिसरात एन्झाइम शिकवताना फळ्यावर नुसती सूत्रं लिहू नका. बागेपासून सुरुवात करा. मुलांच्या घरात ते रोज येतं, हाताला वास असतो त्याचा.

मुलींनो, पाठांतरावर विसंबू नका. प्रत्येक धड्याला घरातला एक प्रश्न जोडा. लोहाच्या गोळीवर चहा का घ्यायचा नाही? लिंबू का चालतं? इंग्रजी शब्दाशेजारी वहीत मराठी अर्थ लिहा. जी पुढे गेली असेल तिने मागच्या वर्गातल्या दोघींना रविवारी विहारात बसवून शिकवावं.

आणि आयांनो, पैशासाठी अडू नका. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा. फॉर्म भरताना अडलं तर आमच्याकडे या. पण शाखेच्या रकान्यात घाईने आर्ट्स लिहू नका. त्याआधी पोरीला एकदा विचारा, तिला काय व्हायचंय.